कोकिळाने दिलेलं वर्ष

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं, तर उद्या नळावर माझा हंडा कुणी पुढे सरकू देणार नाही. धुळ्याहून येताना सोनगीरच्या अलीकडे हायवे सोडला की जे फाटे फुटतात, त्यातल्या एका फाट्याचं गाव, एवढं पुरे. इथे मी अंगणवाडी चालवते. माझी खोली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली. त्यामुळे तिकडच्या फोडणीने माझी पोरं शिंकतात आणि इकडच्या रडारडीने तिकडे कोकिळाचं डोकं उठतं. आमची मैत्री झाली ती अशी, भांडून.

कोकिळा शाळेत खिचडी शिजवते. नाव ठेवताना आत्याने बाळाचं रडणं नीट ऐकलं नसावं. बाई "जेवाले चला रे" म्हणाली की मैदानावरची कबुतरं उडून जातात. अंगाने काटक, चालीने भराभर, कुणी बोलायला लागलं की पदराने तोंड पुसून आधी त्याच्याकडे नीट बघून घेणार आणि मग उत्तर देणार. माहेर पहूरचं, म्हणजे तिकडे जळगाव जिल्ह्यात, जामनेरकडे. सासर आमच्या गावात. तिकडची बोली आणि आमची अहिराणी, दोन्ही एकाच पातेल्यात घालून ती बोलते. नवरा झुलाल सुरतेला कापडाच्या कारखान्यात. दिवाळीला येतो, आखाजीला येतो, चार दिवस खाटेवर लोळतो आणि जातो. माणूस वाईट नाही, पण स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा. मीठ कुठे ठेवलंय तेही त्याला विचारावं लागतं.

सातवी झाली आणि कोकिळाची शाळा सुटली. घरच्यांनी सोडवली म्हणा. त्याचं दुःख ती कधी सांगत बसली नाही, पण मला ते रोज दिसायचं. तांदूळ चुलीवर चढवले की पळी हातात घेऊन ही बाई पाचवीच्या वर्गाच्या दारात. कुणी विचारलं तर म्हणणार, पोरं किती आलीत ते पाहते. पोरं कसली पाहते! डोळे फळ्यावर. एकदा खिचडी अशी लागली की वास हायवेपर्यंत गेला असेल. मी भिंतीवरून ओरडले, "अगं कोकिळे, जळालं सगळं!" पळत आली, पातेलं उतरवलं, आणि मला म्हणाली, "ताई, अपूर्णांक चालू व्हता. निम्मा सोडीसन कशी येऊ?" त्या दिवशी पोरांनी करपट खिचडी खाल्ली आणि मीही खाल्ली.

तिला एकच लेकरू, दिपमाला. आईचा आवाज तिने घेतला नाही, डोकं मात्र कुठून आणलं देव जाणे. तिसरीत असताना पाचवीची गणितं तोंडी सांगायची. आमच्या शाळेत तेव्हा भूषण सर नवीन आले होते. तरुण पोरगा, अजून नोकरीचा कंटाळा न आलेला. त्यांनीच पहिल्यांदा कोकिळाला सांगितलं, "मावशी, हिला नवोदयला बसवायचं बरं का."

नवोदय म्हणजे काय ते आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सरकारी निवासी शाळा, सहावीपासून बारावीपर्यंत. राहणं, जेवणं, पुस्तकं सगळं तिथेच. पाचवीत असताना परीक्षा द्यायची, तीही एकदाच. सगळ्या जिल्ह्यातून ऐंशी पोरं घेतात आणि त्यातल्या बहुतेक जागा खेड्यातल्या शाळांत शिकलेल्या पोरांसाठी राखून ठेवलेल्या असतात. कुणाचा पोरगा नवोदयला लागला की त्याच्या बापाची चाल बदलते. आमच्या गावात एक आहे असा. पोरगा आता इंजिनियर होऊन पुण्याला गेला, तरी बाप अजून ओळख करून देताना नवोदयपासूनच सुरुवात करतो.

त्या दिवसापासून कोकिळाच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. भाकरी थापताना नवोदय, धुणं धुताना नवोदय. मी चिडवायचे, "झुलालभाऊचं नाव तरी आठवतंय का?" हसायची. पण त्या हसण्यात एक आस होती. आपल्याला मिळालं नाही ते पोरीला मिळावं, असं सगळ्याच आयांना वाटतं. हिला वाटायचं ते जास्त होतं. पोरगी तिथे जाईल तेव्हा आपलाही काही भाग जाईल, असं तिला वाटत असावं.

आणि मग ती आखाजी आली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, वर्षभराचं बोलून घेतात. कोकिळा दिपमालाला घेऊन पहूरला गेली. तिची थोरली बहीण कमल जळगावहून आली. कमलचा नवरा तिथे एका गॅरेजात कामाला, घर मेहरूणमध्ये, तलावाच्या बाजूला. लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. डॉक्टर झाले, देव झाले, लोकांची बोलणी तर चालूच. झोक्यावर दोघी बहिणी बसल्या होत्या आणि कमल म्हणाली, "कोके, दिपमाला मले एक वरीस दे."

आमच्याकडे समज आहे. ज्या घरात पाळणा हलत नाही, तिथे बहिणीचं नाहीतर जावेचं लेकरू वर्षभर नेऊन ठेवतात. लेकराच्या पावलाने लेकरू येतं म्हणतात. मी सरकारी प्रशिक्षणांना बसून बसून केस पांढरे केले. मला विचाराल तर हे सगळं मनाचं समाधान. पण आखाजीला माहेरी आलेल्या बहिणीचं मागणं कुणी मोडत नाही, हेही तितकंच खरं. कोकिळाने झुलालला फोनसुद्धा केला नाही. झोक्यावरच हो म्हणाली.

दिपमाला चौथीला मेहरूणला गेली. तिथल्या शाळेत नाव घातलं.

ते वर्ष कोकिळाने कसं काढलं ते मी भिंतीच्या अलीकडून ऐकलंय. खिचडी वाढताना चौथीची रांग आली की तिची पळी थांबायची. घरी एका भाकरीचं पीठ मळायचं ते दोन भाकऱ्यांचं मळलं जायचं, आणि सकाळी शिळी भाकरी घेऊन ती माझ्याकडे यायची, "ताई, पोरांना कुस्करी द्या." फोनवर पोरगी सांगायची, "माय, आठे तलाव शे. मावशी माले रोज फिराले लई जास." ही इकडून खदाखदा हसायची. फोन ठेवला की पदर डोळ्याला. संक्रांतीच्या सुमाराला कमलने कुणाच्या तरी हाती मेहरूणची बोरं पाठवली. हिने ती गल्लीभर वाटली. पाच-सहा बोरं स्वतःच्या घरात ठेवली आणि ती सुकून सुरकुतली तरी खाल्ली नाहीत.

"घेऊन ये की मग परत," मी एकदा वैतागून म्हटलं.

"दिधेल शे ना, ताई. वरीस पुरं होऊ दे." आणि थोड्या वेळाने, पातेलं घासता घासता, "माले पोरनी भलतीच याद येस."

वर्ष सरत आलं आणि एके दिवशी ही स्वयंपाकघरातून धावत माझ्या खोलीत. हात पिठाचे. कमलला दिवस गेले होते. खरोखर गेले होते. मी काय बोलणार? माझी सगळी प्रशिक्षणं एका बाजूला आणि ही पिठाच्या हातांनी मला मिठी मारून रडणारी बाई एका बाजूला. त्या दिवशी शाळेतल्या प्रत्येक पोराच्या ताटात तिने पदरचा गुळाचा खडा ठेवला.

जूनमध्ये दिपमाला पाचवीला परत आली. उंच झाली होती. भूषण सरांनी शाळा सुटल्यावर नवोदयचा वर्ग सुरू केला. चार आकृत्यांतली वेगळी कोणती, असली ती बुद्धीची गणितं. सरांचा खडू फळ्यावरून उचलला जायच्या आत दिपमालाचं उत्तर तयार. दारात आईही असायचीच. एका रविवारी सरांनी जीप करून पोरांना आणि एकेका पालकाला नवोदय दाखवून आणलं. कोकिळा तिकडून आली ती आठवडाभर वेगळीच होती. "ताई, तठे वाचनालय शे. खिडक्या एवढ्या मोठ्या. पोरी बठ्ठ्या खाली बशीसन वाची ऱ्हाइन्यात, कोनी कोनाशी बोले नही." मग हळूच, "माले वाटनं, माले तठे खिचडी शिजाडाले ठेवतीन तरी चाली."

फॉर्म भरायचा दिवस आला. भूषण सर ओट्यावर बसले होते, मी तिथेच होते, दिपमालाही आईला टेकून उभी होती. सरांनी विचारलं, "मावशी, चौथी कुठे झाली म्हणालात हिची?"

"मेहरूणले. मन्ही बहीणना घरे."

सरांनी पेन खाली ठेवलं. पोरगा बाहेरगावचा. दिपमाला मावशीकडे गेली एवढंच त्याला ठाऊक; मावशी कुठे राहते ते त्याने विचारलं नव्हतं आणि आम्हाला तर सांगायचं सुचलंच नव्हतं. मावशीकडे राहणं ही काय सांगायची गोष्ट आहे?

"मेहरूण म्हणजे जळगाव शहर," सर म्हणाले. "नवोदयचा नियम आहे, मावशी. तिसरी, चौथी, पाचवी या वर्षांत मूल एक दिवस जरी शहरातल्या शाळेत गेलं, तरी ते शहरी धरतात. खेड्यातल्या राखीव जागेवर तिचा हक्क राहत नाही."

"मन्ही पोर शहरनी?" कोकिळा हसली. तिला वाटलं सर थट्टा करताहेत. "तिना बाप सुरतले, माय चुल्हापाशी. ती शहरनी कशी व्हयनी?"

"परीक्षा देता येईल. पण शहरातल्या पोरांबरोबर. ते वर्षवर्षभर क्लास लावतात आणि जागा अगदी थोड्या." सरांना ते सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "नियम वाईट नाही हो. शहरातल्यांनी आपल्या जागा घेऊ नयेत म्हणूनच केलाय."

"मंग तो आमलेच काबर लागना?"

भूषण सर फॉर्म चाळत बसले. मला उत्तर येत होतं, पण ते ओट्यावर बसून मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं. त्याच पाचवीच्या वर्गात काही नावं अशी होती, ज्यांची ताटं कोकिळाने कधी भरली नव्हती. त्यातलं एक योगेंद्र पाटलांच्या पोराचं, नवीनचं. योगेंद्र मूळचे आमच्याच गावचे. धुळ्याला मोठ्या नोकरीत, देवपूरला बंगला, पोरगा तिथल्या क्लासला. नाव मात्र तिसरीपासून आमच्या शाळेत. कुणी काही बोललं की योगेंद्र शांतपणे म्हणायचे, "आमची शेती इथे, घर इथे. आम्ही गावचेच ना?" घर आहे खरं. त्याला कुलूप आहे आणि कुलपाला गंज आहे.

आता बघा गंमत. जी पोर या मातीत लोळून मोठी झाली ती एका वर्षाने शहरी झाली, आणि जो पोरगा सणाला येऊन विहिरीत डोकावून जातो तो खेड्यातला. हे माझ्या अंगणवाडीतल्या पोरांना सांगितलं तरी ती म्हणतील, उलटं झालं.

ओट्यावरचं बोलणं हेडसरांपर्यंत गेलंच. त्यांनी दोन दिवसांनी कोकिळाला बोलावलं. हेडसर गोड माणूस. कुणाचं काम अडवायचं नाही, हा त्यांचा स्वभाव, आणि कुणाचं म्हणजे कुणाचंच नाही. "कोकिळाबाई, तुम्ही आपल्या घरच्या माणूस. दिपमालाची चौथी इथेच झाली असं करून टाकू. बाकीचं मी बघतो. कुणी विचारलं तर तुम्ही एवढंच म्हणायचं, मावशीकडे सुट्टीला गेली होती. शाळेत नव्हती जात." आणि जाता जाता हेही सांगितलं, की आपण एकमेकांना सांभाळून घेतलं पाहिजे. म्हणजे काय ते कोकिळाला कळलं. ताटं न भरलेल्या पोरांबद्दल तिने तोंड उघडायचं नाही.

त्या दुपारी ती माझ्याकडे आली. पोरं झोपली होती. मी सगळं ऐकलं आणि म्हटलं, "मग अडलंय कशात? हो म्हण."

तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"अगं, सगळं गाव करतंय. ज्यांचा हक्क नाही ते करताहेत. तुझ्या पोरीचा तर हक्कच आहे. ती खेड्यातली आहे की नाही? मग खोटं काय त्यात? उलट खरं होतंय!" मला राग येत होता. तिच्यावर नव्हे, पण समोर तीच होती.

"ताई," ती म्हणाली, "ते वरीस मी कमलले दिधेल शे."

"बरं मग?"

"पोर तठे नव्हतीच असं सांगू का? मंग दिधं काय मी? दिधेल वस्तू दिधीच नही म्हनानं?" तिने फरशीवर बोट फिरवलं. "कमलले आते आठवा महिना शे. इतलं वरीसथीन पहिल्यांदाच. त्या वरीसनामुळे शे ते लेकरू. मी ते वरीस खोटं करू, आनि तिकडे काही व्हयनं..."

मी म्हटलं, काही होत नसतं. मी म्हटलं, हे सगळं डोक्यातलं आहे, बाळ कागदाने येत नाही आणि कागदाने जात नाही. मी गर्भारपणाची सगळी शास्त्रं तिला सांगितली, इतका वेळ सांगितली की झोपलेली पोरं उठली. ती ऐकत होती, मान हलवत होती. "तुम्ही म्हनतस ते खरं व्हई, ताई. तुम्ही शिकेल शेतस." आणि उठून उभी राहिली. "पन मन्हा हात नही धजावत."

"आणि पोरीचं काय?" मी विचारलं.

तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. तो मला पुन्हा पाहायचा नाही. रात्रंदिवस जी एक गोष्ट हवी होती, ती कुणीतरी ताटात वाढून पुढे ठेवली आणि तिलाच आपल्या हाताने ताट सरकवावं लागत होतं. ती रडली नाही. "पोर हुशार शे. तशीच लागनी तं लागी," म्हणाली आणि गेली.

हेडसरांना तिने सांगितलं, "सर, ती वरीसभर मेहरूणलेच व्हती. तसंच लिखा." हेडसर म्हणाले, तुमची मर्जी. माझ्या मते त्यांना जरा हायसंच वाटलं असेल, एक काम कमी झालं.

कमलला मुलगी झाली. गोरीगोमटी, डोकंभर केस. बाळंतीण सुखरूप. कोकिळाने फोनवर बाळाचं रडणं ऐकलं आणि फोन माझ्या कानाला लावला. मी त्या पोरीवर रागावणार होते, पण इतक्या लहान आवाजावर कोण रागावतं?

मग थंडीत परीक्षा झाली. दिपमाला बाहेर आली ती उड्या मारत. भूषण सरांनी प्रश्नपत्रिका घेऊन तिच्याबरोबर एकेक उत्तर ताडून पाहिलं. दोन-तीन चुकली होती, बाकी सगळी बरोबर. सरांचे डोळे चमकत होते. कोकिळाने ते डोळे पाहिले. ते महिने ती पुन्हा आशेवर जगली. मला सगळ्यात जास्त त्याचंच वाईट वाटतं.

निकाल लागला. नवीनचं नाव होतं, दिपमालाचं नव्हतं.

योगेंद्र गावात पेढे वाटायला आले. नवीन बरोबर होता. पोरगा चांगला आहे, खोटं कशाला बोलू? परीक्षेच्या आधी वर्गाचा फोटो काढायचा होता तेव्हा एक दिवस शाळेत आला होता, तेव्हा कोकिळाची खिचडी दोनदा मागून खाल्ली होती. आता तिला पाहून म्हणाला, "मावशी, तुमच्यासारखी खिचडी तिथे मिळेल का हो?" कोकिळाने पेढा घेतला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "मिळी रे भाऊ. पोटभर खाजो."

मी मात्र पेढा घेतला नाही. मी म्हटलं, तक्रार करू. मी लिहिते, तू सही कर, भूषण सरांनाही घेऊ. कोकिळाने मला खाली बसवलं. "ताई, त्या पोरनं नाव काढीसन मन्ही पोर थोडीच लागनार शे? ती जागा दुसरा कोनले जाई. त्या पोरना काय दोष? आनि हेडसर माले चुल्हापाशीथीन उठाडी दी, ते येगळं." तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी तरी रागावलेलीच राहिले, आणि अजून आहे. रागावणं माझ्याकडे, सोसणं तिच्याकडे, अशी आमची वाटणी ठरलेलीच आहे.

जूनमध्ये नवीन ट्रंक घेऊन गेला. दिपमाला सहावीला सोनगीरच्या हायस्कूलला जायला लागली. सकाळी फाट्यावर उभी राहते, एसटी थांबली तर एसटी, नाहीतर जे वाहन मिळेल ते. मार्क चांगले आहेत. पण त्या वाचनालयाच्या मोठ्या खिडक्या कोकिळाच्या डोळ्यांपुढून जात नाहीत. तिने मला सरळ सांगितलं, "ताई, माले रोज वाटस, आते ती तठे उठनी व्हती, आते लाइनमा उभी ऱ्हाती, आते पुस्तक लिधं व्हतं. दिवसभर मी तिले तठेच देखस. सांजले ती घर येस आनि माले एकदम याद येस का ती आठेच शे." पोरगी घरात, डोळ्यांपुढे, आणि तरी आईला तिची आठवण येते. असं दुःख मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही.

एक गोष्ट तिने मला शपथ घालून सांगितली होती. कमलला यातलं काही कळता कामा नये. "तिना आनंदले गालबोट लागी." कमलने विचारलं होतं, काय झालं गं नवोदयचं? हिने सांगितलं, हजारो पोरं बसतात, नाही लागली.

श्रावण लागायच्या आधी कमलच्या मुलीचं जावळ काढायचं ठरलं. कोकिळा मलाही घेऊन गेली. धुळ्याहून जळगावची एसटी, मग रिक्षा, मग मेहरूण. घर लहान पण आत माणसं मावत नव्हती. दोघी बहिणींचा भाऊ पुना पहूरहून आला होता, मामाच्या मांडीवर बाळ बसवून जावळ काढलं. बाळ रडून रडून लाल झालं. शांत झाल्यावर कमलने ते उचलून थेट दिपमालाच्या मांडीवर ठेवलं, तिला नवा फ्रॉक दिला, आणि जमलेल्या बायकांना सांगायला लागली, "हिच्याच पायानं आली वं माही पोर. माह्या बहिणीनं वरीसभर आपलं काळीज काढून दिलं मले." बायका दिपमालाच्या गालाला हात लावून बोटं मोडत होत्या. कोकिळा कोपऱ्यात बसून बघत होती. तिच्या तोंडावर समाधान होतं. ते खरंच होतं, मी तिला ओळखते.

जेवणं झाली. बायका पांगल्या. आम्ही तिघी पसरून बसलो होतो, दिपमाला शेजारी बाळाला खेळवत होती. कमल कोकिळाजवळ सरकली.

"कोके, आमच्या गल्लीतल्या वाण्याची नात नवोदयले लागली. तिच्या मायनं डोकं चालवलं. तिसरीपासून आजोळी ठेवली खेड्यात. खेड्यातल्या पोरीले लवकर जागा भेटते म्हने. मले तं माहीतच नव्हतं." ती हसली, कोकिळाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी बी ठरवून टाकलं. ही तिसरीत गेली की तुह्याकडं आणून ठेवते. तुही पोर म्या ठेवली, माही तू ठेव. ठेवशीन ना?"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. कोकिळाने माझ्याकडे पाहिलं आणि मी ते गिळलं. माझ्या आयुष्यात मी इतकं मोठं काही गिळलेलं नाही.

"ठेवसू ना," कोकिळा म्हणाली. "मन्हीच शे ती."

दिपमालाने मान वर केली नाही. बाळाची मूठ तोंडातून काढत ती म्हणाली, "मावशी, पन पुरा तीन वरीस ठेवजो. मधमा एक दिवस बी आठेनी शाळामा धाडू नको."

"का वं?" कमल हसायला लागली. "एका दिवसानं काय होतं?"

दिपमालाने आईकडे पाहिलं. कोकिळाने नकारार्थी मान हलवली, एवढीशी.

"काही नही," पोरगी म्हणाली, आणि बाळाला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या घालायला लागली.